ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारणारी माणसं तयार कशी होतात?

नदीकाठचा

मंडळी,

गेली काही वर्षं मी ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणात बाहेरचा व्याख्याता म्हणून जातो. सरकारी नोकर नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. डोक्यात एक विषय घोळतोय, तो इथे टाकतो.

निवडणुका झाल्या की काही महिन्यांनी तालुक्याच्या सभागृहात नवे सरपंच, उपसरपंच, सदस्य जमतात. दारात सही, हातात बॅग, बॅगेत पुस्तिका आणि पेन. पहिल्या सत्रात पंचायतींना घटनेत जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती. मग अकराव्या अनुसूचीतले, पंचायतींकडे सोपवता येणारे 29 विषय एकामागून एक पडद्यावर. जेवणानंतर ग्रामपंचायतीची कर्तव्यं आणि अधिकार. चारच्या चहापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. राहिलेल्यांतून दोनच प्रश्न येतात: मानधन कधी जमा होणार, आणि आमची सही नेमकी कुठे लागते.

पुस्तिका वाईट नसतात. यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेने आजवर काढलेलं साहित्य मी वाचलंय, बरंचसं सोप्या भाषेत आहे. अडचण अशी की समोर बसलेल्या माणसाच्या हातात त्याच्या स्वतःच्या गावाचा एकही कागद नसतो. गावाचा आराखडा त्याने पाहिलेला नसतो, रोकडवही पाहिलेली नसते, मागच्या ग्रामसभेचं प्रोसिडिंग (इतिवृत्त) तर नाहीच. पोहणं फळ्यावर शिकवावं तसा हा प्रकार.

एकदा मी उलटं केलं. आधी निरोप पाठवला की येताना आपापल्या गावचा 'आमचं गाव, आमचा विकास'चा आराखडा घेऊन या. निम्म्यांनी आणला. मग फळ्यावर एवढंच लिहिलं: समजा 15 व्या वित्त आयोगातून गावाला वर्षाला 10 लाख आले. 2021-22 पासूनच्या नियमाप्रमाणे 60 टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचे), म्हणजे 6 लाख. त्यातले 3 लाख पिण्याच्या पाण्याला, 3 लाख स्वच्छतेला. उरलेले 4 लाख अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. आता तुमच्या आराखड्यात बघा, बंधितमधून काय काय धरलंय.

पाच मिनिटं कागदांची सळसळ. मग मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "सर, आमच्यात पेव्हर ब्लॉक बंधितमधून दाखवलेत. ते पाण्यात बसतात की स्वच्छतेत?" सभागृह हसलं, पण त्यानंतर चारच्या चहाला कुणी उठलं नाही.

तर माझे दोन मुद्दे. एक, शिकवणं गावाच्या कागदावर व्हावं. दुसरा जास्त महत्त्वाचा: आपण फक्त निवडून आलेल्यांना शिकवतो. ग्रामसभेत बसून त्यांना जाब विचारायचा तो मतदार यात कुठेच नाही. सदस्य पाच वर्षांनी बदलतो आणि शिकलेलं त्याच्याबरोबर घरी जातं.

तुमच्या गावात, वॉर्डात, सोसायटीत प्रौढ माणसं हे कुठून शिकली? कुणी मुद्दाम शिकवलं, की भांडता भांडता आलं? अनुभव लिहा.

---

चटईवाला

चांगला धागा. चटई टाकून बसलोय.

---

माजी_सदस्या

नदीकाठचा, पेव्हर ब्लॉकवाली बाई मीच असते असं वाटलं क्षणभर. आमच्यातही तेच.

मी एक टर्म सदस्य होते, महिला राखीव जागेवर. 2011 पासून आपल्याकडे 50 टक्के जागा बायकांना आहेत, त्यामुळे प्रशिक्षणाच्या सभागृहात बायका भरपूर दिसतात. पण सभागृहाच्या बाहेर बघा. झाडाखाली मोटरसायकली लावून नवरे, दीर, मुलगे बसलेले असतात. काही तर आत येऊन बायकोच्या शेजारी बसतात आणि वहीत तेच लिहून घेतात. एका ठिकाणी प्रशिक्षकबाईंनी सगळ्या पुरुष मंडळींना हात जोडून बाहेर काढलं, तेव्हा कुठे आत बोलणं सुरू झालं.

मला त्या पुस्तिकेतून जे कळलं त्याहून जास्त बचतगटात कळलं होतं. खरं सांगते. आठवड्याची बैठक, हजेरी, मागच्या बैठकीचं वाचन, कर्ज कुणाला, किती, जामीन कोण, सगळ्यांसमोर पैसे मोजायचे, वहीत लिहायचं, सही घ्यायची. सूचक-अनुमोदक हा शब्द मासिक सभेत पहिल्यांदा ऐकला तेव्हा कळलं, अरे, हे तर आपण रोज करतो. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद या सरकारी अभियानाच्या गटांतून किती बायका सदस्य झाल्या ते आपापल्या तालुक्यात मोजून बघा. त्यांना बोलायचं भय कमी असतं, कारण बारा बायकांसमोर हिशेब द्यायची सवय झालेली असते.

तरीही पहिलं वर्ष मी गप्पच बसले. कारण साधं होतं. विषयपत्रिका सभेच्या आदल्या रात्री शिपाई दाखवून जायचा, सही घेऊन. वाचायला हातात ठेवायचाच नाही. माझ्या सुनेने युक्ती काढली, तो आला की सही करण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा. एवढ्याने फरक पडला. प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही, की अजेंडा मागून घ्या, घरी ठेवा, ज्या विषयावर बोलायचंय त्याच्यापुढे खूण करा.

आणि दुसरं, डोंगल, म्हणजे डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं यंत्र. सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीशिवाय पैसे निघत नाहीत असं आम्हाला अभिमानाने सांगितलं. आमच्या सरपंचबाईंचं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असायचं, पासवर्ड चिठ्ठीवर. त्यांच्या सहीने काय काय निघालं हे त्यांना गावातल्या लोकांकडून कळायचं.

---

तलाठी_नव्हे_ग्रामसेवक

निवृत्त ग्रामसेवक. (आता म्हणे आम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. 2024 ला नाव बदललं, टेबल तेच.)

वरच्या दोन्ही प्रतिसादांवर थोडं मीठ. तुम्ही सगळे ग्रामसेवकाला खलनायक करून मोकळे होता. एका ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावं असतात. 1 ते 33 नमुने भरायचे, वसुली करायची, घरकुलाचे फोटो अपलोड करायचे, साहेबांची व्हीसी, आणि वर ग्रामसभेत शिव्या खायच्या. प्रशिक्षित सदस्य आला की पहिल्या महिन्यात तो तक्रारीच करतो. त्याला "माहिती मागता येते" एवढंच शिकवलेलं असतं. काम पुढे कसं न्यायचं ते नाही.

आता उदाहरण. गटार मंजूर करायचं आहे. सदस्याला वाटतं ठराव झाला म्हणजे काम झालं. ठरावानंतर इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग काम, मग शाखा अभियंत्याकडून एमबी (कामाची मोजमाप पुस्तिका), मग बिल. यातली कुठली पायरी कुणाच्या टेबलावर अडली हे ज्याला कळतं तो सदस्य कामाचा. बाकीचे "ग्रामसेवक पैसे खातो" म्हणून मोकळे. (काही खातात. नाही म्हणत नाही.)

माझ्या मते प्रशिक्षणात एक कामाची फाइल पहिल्या कागदापासून शेवटच्या व्हाउचरपर्यंत उलगडून दाखवावी. एकच फाइल, दिवसभर. 29 विषय गेले उडत.

---

नदीकाठचा

@तलाठी_नव्हे_ग्रामसेवक, फाइल उलगडायची कल्पना घेतली. पूर्ण झालेल्या कामाची घ्यावी की अडकलेल्या?

---

तलाठी_नव्हे_ग्रामसेवक

अडकलेल्या. पूर्ण झालेल्या कामाची फाइल नंतर बसून नीट लावलेली असते.

---

धानोऱ्याची_वाट

मी गडचिरोली जिल्ह्यातला, म्हणून अपेक्षित तेच लिहितो: मेंढा. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही. पण लोक घोषणेशी थांबतात. यातला खरा शिकण्यासारखा भाग म्हणजे 'अभ्यास गट'.

रचना अशी. गावात ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीने, बहुमताने नाही. आणि तिच्या बाजूला अभ्यास गट असतो. विषय निघाला की जाणकाराला बोलवायचं, कायदा वाचायचा, उलटसुलट बोलायचं. बाहेरचा माणूसही बसू शकतो. फक्त एक अट पक्की: अभ्यास गट निर्णय घेत नाही. तो अभ्यास करून थांबतो. निर्णय ग्रामसभेचा.

ही विभागणी फार विचाराची आहे. ज्याला जास्त कळतं त्याच्या हातात सत्ता जात नाही, आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला न कळता निर्णय घ्यावा लागत नाही. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा इथपासून वन कायद्यापर्यंत विषय त्या गटांतून गेले. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीच्या गावांत. तरी वन खातं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. एवढा वेळ खात्याशी कायद्याच्या भाषेत बोलत राहणं दोन दिवसांच्या शिबिरातून येत नाही. ती माणसं वर्षानुवर्षं बसून शिकलेली होती.

म्हणून धागाकर्त्याला विचारतो, तुमच्या प्रशिक्षणाला शेवटचा दिवस का असतो?

---

उघडं_सत्य

माफ करा, पण सगळे फार गोड बोलताहेत.

मेंढा हे एका वस्तीचं, बहुतेक एकाच समाजाचं लहान गाव. आमच्याकडे साडेचार हजार मतदान, तीन भावक्या, दोन गट, एक साखर कारखाना. इथे ग्रामसभेत कुणी बोलत नाही याचं कारण अज्ञान नाही. सगळ्यांना सगळं कळतं. पाण्याच्या टाकीचं काम कुणी घेतलं, किती टक्के कुणाला गेले, पानटपरीवर बसून तोंडपाठ सांगतील. पण उभं राहून विचारायचं म्हणजे उद्या रानात जायला ज्याच्या बांधावरून वाट आहे त्याच्याशी वैर घ्यायचं. पोरीच्या दाखल्यावर सही त्याच्याच घरातून यायची आहे. ज्याला स्वतःची जमीनच नाही त्याचं तर विचारूच नका. मजुरी कुणाकडे करणार तो?

त्याला तुम्ही बंधित-अबंधित शिकवून काय होणार?

शिवाय कोरमचा खेळ. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. सभा ठेवायची सकाळी नऊला, ऐन सुगीत. शंभर जमत नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग आपली वीस माणसं आणायची, सगळे ठराव मंजूर. कायद्याने चोख.

---

माजी_सदस्या

उघडं_सत्य, बांधाची वाट हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. त्यावर मला एकच उपाय चाललेला दिसलाय: एकटीने न विचारणं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने सक्तीचं आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर होते, अंगणवाडीतल्या चार बायकांच्या सह्या घेऊन. आम्ही ती खरोखर घेतली. दारूचा, पाण्याचा, शाळेच्या संडासाचा असे विषय लिहून काढले, ठराव करून सगळ्यांच्या सह्यांनिशी ग्रामसभेकडे दिले. एकीने उठून विचारलं की ती भांडकुदळ ठरते. चाळीस सह्यांचा कागद आला की तो विषय होतो. वाचून कुणी दाखवला यावरून कुणाच्या बांधावर काही होत नाही.

हे शिकवता येतं. कागद कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, प्रोसिडिंगमध्ये आपला विषय आला की नाही ते कसं बघायचं. धाडस शिकवता येत नाही हे मान्य, पण धाडस कमी लागेल अशी रीत शिकवता येते.

आणि जे बोलतात त्यांना किंमत मोजावी लागते हेही शिकवावंच. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांचं प्रकरण वाचलं असेल. सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात म्हणून त्यांना अपात्र ठरवलं, खालपासून वरपर्यंत. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पद परत दिलं आणि असल्या प्रकरणांत पुरुषी मानसिकता कशी काम करते यावर कडक शब्दांत लिहिलं. अपात्रतेचं कलम 14 प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी समजावून सांगायला हवं. आम्हाला ते शेवटच्या दहा मिनिटांत वाचून दाखवलं होतं, बस सुटायच्या घाईत.

---

पेठेतला

शहरातली बाजू मांडतो. शहरात परिस्थिती आणखी वाईट आहे, फक्त आपल्याला ती दिसत नाही.

गावात निदान ग्रामसभा आहे. शहरात मतदाराला कायद्याने बसायला जागाच नव्हती. 2009 मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची तरतूद केली. क्षेत्रसभेला गेलेला एक तरी माणूस इथे असेल तर हात वर करा. मी वाट बघतो. त्यात 2022 पासून तर राज्यातल्या बहुतेक महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या ताब्यात राहिल्या. नगरसेवकच नव्हते, मग शिकवणार कुणाला?

पुण्यात 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, आपल्या भागातलं लहान काम सुचवायचं. चांगली योजना. पण अर्ज बघा लोकांचे: बाकडी, पाट्या, स्पीड ब्रेकर. काम कुठल्या खात्याचं, जागा कुणाच्या मालकीची, खर्च किती हे न लिहिल्याने अर्ज निकालात निघतात. आम्ही काही जणांनी एका वर्षी संध्याकाळी बसून शेजाऱ्यांना अर्ज भरायला शिकवलं. त्या वर्षी आमच्या भागातले जास्त अर्ज टिकले. एवढंच. फार मोठी क्रांती नाही.

अवांतर: सहकारी सोसायटीत शिकायला सगळ्यात जास्त वाव आहे. 2013 नंतर सहकार कायद्यात कलम 24-अ आलं, सभासदांना आणि कमिटीला प्रशिक्षण देण्याचं. आमच्याकडे ते प्रशिक्षण म्हणजे एक गृहस्थ आले, दोन तास बोलले, पावती फाडून गेले. तरीपण वार्षिक सभेत ताळेबंद वाचून ऑडिटरला प्रश्न विचारणारा माणूस महापालिकेचं अंदाजपत्रकही वाचू शकतो. पार्किंगवरून दोन तास भांडणारी माणसं तीच असतात. ताकद आहे, ती कुठे वापरायची हा प्रश्न आहे.

---

चटईवाला

पार्किंगच्या भांडणाला नेतृत्व प्रशिक्षण म्हणणारा पहिला पुणेकर. __/\__

---

मांडवीपार

गोंयकाराचे दोन शब्द, मराठीतून.

आमच्याकडे ग्रामसभा रविवारी असते. तुमच्यासारखी 1 मे, 15 ऑगस्टला झेंडावंदन उरकून नव्हे. रविवारी मिसा, देवळातली आरती आटोपून लोक येतात आणि भांडतात. माइक ओढून घेतात. सरपंचाला घाम फुटतो. हे आभाळातून पडलं नाही. 2006 च्या सुमारास प्रादेशिक आराखड्यावरून गोव्यात मोठं आंदोलन झालं. आपल्या गावचा डोंगर नकाशात कुठल्या रंगाने दाखवलाय ते बघायला लोक नकाशे वाचायला शिकले. सर्व्हे नंबर, झोन, उतार, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), सगळं. वास्तुविशारद आणि वकील गावोगाव फिरून चर्चच्या, देवळाच्या सभागृहात नकाशे पसरून समजावत होते. तो आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला, आणि पुढच्या, 'प्रादेशिक आराखडा 2021' नावाच्या आराखड्याच्या वेळी गावपातळीवर मसुदे न्यावे लागले.

त्यातून तयार झालेली माणसं आजही ग्रामसभेत पुढच्या रांगेत दिसतात. कुणी त्यांना बॅग आणि पेन दिलं नव्हतं.

एक तोटाही सांगतो. हे सगळे 'नको' म्हणण्यात तरबेज झाले. कचरा प्रकल्प कुठे करायचा म्हटलं की सभागृह गार. 'हवं' कसं ठरवायचं ते अजून शिकतोय आम्ही.

---

सातासमुद्रापार

मांडवीपार यांचा शेवटचा परिच्छेद आवडला.

मी अमेरिकेच्या दक्षिण भागात राहते, तिथलं एक जुनं उदाहरण या धाग्याला जोडून येतं. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. 1950 च्या दशकात तिथल्या काळ्या लोकांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. आणि बरोबर तेच हवं होतं राज्यकर्त्यांना.

बेटावर बस चालवणारे ईसॉ जेंकिन्स, शिक्षिका सेप्टिमा क्लार्क आणि टेनेसीतली हायलँडर ही प्रौढांची शाळा यांनी मिळून जानेवारी 1957 मध्ये तिथे वर्ग सुरू केला. जागा: एका सहकारी दुकानाची मागची खोली, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाणसामानाचं दुकानच दिसावं. शिकवायला मुद्दाम शिक्षक घेतला नाही. बर्निस रॉबिन्सन या केस कापण्या-विंचरण्याचा व्यवसाय करणाऱ्या बाईंना उभं केलं, कारण शिक्षक म्हटलं की प्रौढ माणूस संकोचतो. त्यांनी आधी लोकांना विचारलं की तुम्हाला काय शिकायचंय. उत्तरं आली: स्वतःची सही, मनीऑर्डरचा फॉर्म, मुलांची पत्रं वाचणं. तिथून सुरुवात करून घटनेच्या उताऱ्यापर्यंत. हीच पद्धत पुढे साऱ्या दक्षिणेत पसरली. 1961 मध्ये टेनेसी राज्याने हायलँडर बंद पाडली, तोवर हे वर्ग मार्टिन लूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवले गेले होते.

उघडं_सत्य यांच्या बांधाच्या वाटेवर मला हेच आठवलं. तिथे तर मतदार म्हणून नाव नोंदवलं की मजुरी जायची, घर जायचं. तरी शिकली माणसं, पण मागच्या खोलीत, गटाने.

---

उघडं_सत्य

@सातासमुद्रापार, उदाहरण जोरदार आहे. मागची खोली कुठली ते सांगा आता. आमच्या गावात मागच्या खोल्यांत फक्त पत्ते चालतात.

---

माजी_सदस्या

अंगणवाडी. दुपारी दोननंतर रिकामी असते, आणि बाप्ये तिकडे फिरकत नाहीत.

---

वरूडचा_संत्रा

आमच्या तालुक्यात 2016 ला पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप ही गावांची जलसंधारणाची स्पर्धा झाली (वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके होते). त्यात गावातले पाच जण प्रशिक्षणाला जायचे, त्यांत बायाही असाव्या लागत. दुसऱ्या गावात राहून, प्रत्यक्ष समपातळी चर आखून, पातळी मोजून शिकून यायचे. आल्यावर लगेच श्रमदान सुरू. शिकलं आणि लगेच हातानं केलं, यामुळे ते डोक्यात राहिलं.

आमच्या गावातून गेलेल्यांपैकी दोघं पुढे पंचायतीत निवडून आले. दोघंही वेगवेगळ्या पार्टीतून. चर खोदताना सोबत होते म्हणून आजही सभेत एकमेकांचं ऐकून घेतात. पाणी किती वाढलं त्यावर वाद करा, माझ्या लेखी हा फायदा मोठा.

पण स्पर्धा संपली की ढेपाळलं, हेही खरं. बक्षीस नसलं की कोण येते पहाटे?

---

धानोऱ्याची_वाट

स्पर्धेवरून आठवलं. 2000-01 चं गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान, 2007 चं तंटामुक्त गाव. दोन्हींत गावं शिकली, दोन्हींत तपासणी समिती येऊन गेली की रांगोळी पुसली गेली. हिवरे बाजारसारखी गावं टिकली ती अभियानांमुळे नाही. पोपटराव पवार 1989-90 पासून तिथे कामात आहेत. आता प्रश्न हा की पवारांसारखा माणूस गावात नसेल तर काय? सगळेच जण आदर्श गाव बघायला बस भरून जातात, सत्कार करतात, फोटो काढतात आणि परत येऊन म्हणतात, "आपल्याकडे तसा माणूस नाही." त्या सहली बंद कराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. जायचंच असेल तर शेजारच्या अर्धवट जमलेल्या गावात जा.

---

तलाठी_नव्हे_ग्रामसेवक

सहलीबद्दल सहमत. मी अशा तीन बसगाड्या भरून नेल्या आहेत. लोकांना वाटेतलं देवदर्शन जास्त लक्षात राहतं.

---

पेठेतला

केरळचं नाव कसं आलं नाही अजून? 1996 च्या लोकनियोजन मोहिमेत त्यांनी आधी योजनेच्या रकमेतला 35 ते 40 टक्के पैसा स्थानिक संस्थांना दिला आणि मग लाखभर लोकांना शिकवायला घेतलं. त्रिशूरजवळची किला ही संस्था तिथे अजून ते काम करते. पैसा हातात आला की शिकायची भूक लागते. आपल्याकडे 29 विषय कागदावर आणि निधी खात्यांकडे. मग सदस्याने तरी चारच्या चहापर्यंत का थांबावं?

---

नदीकाठचा

बरेच प्रतिसाद आले, सगळ्यांचे आभार. काही जणांना उत्तर देतो.

@धानोऱ्याची_वाट: शेवटचा दिवस असतो कारण निधी दिवसांवर मोजून येतो. जेवण, चहा, प्रवास, हजेरीपट. त्याला मी काही करू शकत नाही. म्हणून ते प्रशिक्षण जसं आहे तसं चालू देऊन बाजूला दुसरं करून बघायचं ठरवतोय, माझ्या ओळखीच्या एका गावात. महिन्यातून एक संध्याकाळ, शाळेच्या वर्गात. येईल तो येईल, सदस्य असो वा नसो. दर वेळी गावाचा एक कागद वाचायचा. निर्णय नाही, ठराव नाही, कुणाला जाब नाही. मेंढ्याची ती अट जशीच्या तशी उचलली आहे.

@उघडं_सत्य: कोरमच्या खेळाला उत्तर त्याच कायद्यात थोडं आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात, त्या न घेतल्यास सरपंचाचं पद धोक्यात येतं, आणि सभेची नोटीस सात दिवस आधी हवी. तहकूब सभेची तारीख कोणती, दवंडी दिली का, मूळ अजेंड्याबाहेरचा विषय घुसवला का, एवढं बघायला चार माणसं तयार झाली तरी वीसजणांचा खेळ अवघड होतो. बंद होणार नाही. अवघड होईल.

@माजी_सदस्या: दुपारी दोनची अंगणवाडी हीच बायकांच्या गटाची जागा ठरवतो. संध्याकाळी शाळेत त्या येणार नाहीत हे मला सुचायला हवं होतं असं घरातूनही ऐकून झालं.

आता सर्वांना प्रश्न: पहिला कागद कुठला घ्यावा? माझ्या मनात नमुना 5, सामान्य रोकडवही. सगळा पैसा तिथे दिसतो. शिवाय ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाची योजना आणि देयकं कुणालाही बघता येतात, ती शेजारी ठेवून ताडून बघता येईल.

---

उघडं_सत्य

रोकडवही काढा, पहिल्याच संध्याकाळी डोकी फुटतील. आम्हाला कळवा, बघायला येतो.

---

माजी_सदस्या

मी अंदाजपत्रक घेतलं असतं, नमुना 1. त्यात स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याण, 15 टक्के मागासवर्गीय, 5 टक्के दिव्यांग, हे धरलंय का ते एका नजरेत कळतं. आमच्याकडे 10 टक्क्यांतून दर वर्षी अंगणवाडीला खुर्च्या यायच्या. इतक्या खुर्च्या की मुलांना बसायला जागा उरली नव्हती.

---

तलाठी_नव्हे_ग्रामसेवक

दोन्ही नकोत. नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसाचं ऐका. रोकडवही काढलीत की सरपंचाचा गट उठून जाईल आणि तुमची संध्याकाळ विरोधकांची म्हणून गावभर होईल. अंदाजपत्रक काढलंत तर झोपतील.

नमुना 9 घ्या. कर मागणी नोंदवही. घरपट्टी किती, पाणीपट्टी किती, मागील बाकी किती, घराघराने. गावाचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे काय ते त्यातून कळतं, टक्के कशाचे काढायचे तेही. आणि त्यात सत्ताधारी-विरोधक दोघांचीही थकबाकी निघते, त्यामुळे पहिल्या दिवशी कुणीच आवाज चढवणार नाही.

फक्त जाण्याआधी तुमची स्वतःची पट्टी भरून घ्या. पावती नमुना 10 ची, खिशात ठेवा. कुणीतरी मागणारच.

---

नदीकाठचा

गाव माझं नाही, सासुरवाडी आहे.

---

तलाठी_नव्हे_ग्रामसेवक

मग सासऱ्यांची भरा.